मुलांवर पहारा, मंडळाला मोकळे रान

मार्च २०२५ मध्ये विरार पश्चिमेत एका परीक्षकाच्या घराला आग लागली आणि त्या आगीत बारावीच्या वाणिज्य शाखेच्या १७५ उत्तरपत्रिका जळून गेल्या. आग सांगून येत नाही. ती कोणाच्याही घराला लागेल, आणि ज्याचे घर जळाले त्याच्यावरच आसूड ओढण्याइतके आम्ही निर्दय नाही. परंतु राज्याच्या परीक्षा मंडळाचा ऐवज एका खासगी सदनिकेतल्या सामानसुमानात कसा जमा झाला, हा प्रश्न बंब परत जाण्यापूर्वीच विचारला जायला हवा होता, आणि तो आजही तसाच उभा आहे. त्या वेळी झाले काय? चौकशी होईल, दोषींवर कारवाई होईल, विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ देणार नाही, ही ठरलेली तीन वाक्ये ठरलेल्या तोंडांतून बाहेर पडली. उत्तरपत्रिका शाळेत बसूनच तपासायच्या असतात, घरी न्यायच्या नसतात, असा नियम असल्याचा साक्षात्कारही त्याच आठवड्यात झाला. वर्षानुवर्षे कोणी पाळत नाही, कोणी तपासत नाही आणि राख झाल्याखेरीज कोणाला आठवतही नाही, असा नियम कागदावर कशाला ठेवतात हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तो वेळ आल्यावर दुसऱ्याच्या गळ्यात अडकवायला ठेवतात.

आता हेच मंडळ फेब्रुवारीत कसे वागते ते पाहा. प्रश्नपत्रिकांची पाकिटे मोहोरबंद असतात. ती कस्टडीत, परिरक्षकाच्या नजरेखाली असतात. तिथून केंद्रावर नेताना सहायक परिरक्षकाने सोबत राहायचे आणि वाटेचे चित्रीकरण करायचे. वर्गात पाकीट फोडायचे तेही मुलांच्या डोळ्यांदेखत. केंद्राभोवती जमावबंदी, आसपासची झेरॉक्सची दुकाने बंद, दारात पोलीस, आत बैठे पथक आणि बाहेरून केव्हाही येऊन थडकणारे भरारी पथक. एवढ्याने भागेना म्हणून कॉपीमुक्तीच्या नावाखाली आकाशात ड्रोन उडाले. सतरा वर्षांच्या पोरीचा कंपास उघडून पाहायचा, पोराचे खिसे उलटे करायचे, पायातले बूट काढायला लावायचे. आणि यातून कोणी निसटलाच तर त्याच्यासाठी परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा १९८२ चा कायदा तयार आहे. हा सगळा बंदोबस्त आम्हाला अमान्य नाही. कॉपी हा चोरीचाच प्रकार आहे आणि ती पकडली गेलीच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की हा बंदोबस्त तीन तास टिकतो. घंटा झाली, उत्तरपत्रिका गोळा झाली, तिच्यावर बारकोड आहे, होलोक्राफ्टचा स्टिकर आहे, बैठक क्रमांक झाकलेला आहे, आणि इतके सोवळे पाळून झाल्यावर तो गठ्ठा जो निघतो तो कोणाच्या पिशवीतून, कोणत्या लोकलने, कोणाच्या घरातल्या कोणत्या फळीवर जाऊन पडतो, याचे चित्रीकरण कोणी करत नाही. ज्या मंडळाला कोऱ्या प्रश्नपत्रिकेच्या प्रवासाचा मिनिटामिनिटाचा हिशेब लागतो, ज्या मंडळाला मुलाच्या बुटात काय आहे हे ठाऊक असावे लागते, ज्या मंडळाला केंद्रापलीकडच्या झेरॉक्सवाल्याचाही भरवसा वाटत नाही, त्या मंडळाला मुलांनी लिहिलेली उत्तरे कुठे ठेवली आहेत याची खबर अग्निशमन दलाकडून मिळते.

प्रश्नपत्रिका मंडळाची, म्हणून तिला पहारेकरी. उत्तरपत्रिका मुलाची, म्हणून तिला वाली नाही.

जळालेल्या उत्तरपत्रिका वसई-विरारच्याच मुलांच्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. कोणत्या गावचे पेपर कोणत्या गावी तपासायला जातात हे मंडळ गुप्त ठेवते, आणि ते योग्यही आहे. परंतु त्याचाच दुसरा अर्थ असा की नालासोपाऱ्याच्या, आगाशीच्या, पारोळच्या मुलांनी लिहिलेले पेपर तपासणीच्या दिवसांत राज्यातल्या कोणत्या दिवाणखान्यात, कोणत्या दुचाकीच्या डिकीत, कोणत्या गळक्या छपराखाली असतात हेही कोणाला ठाऊक नसते. विरारला ज्वाळा दिसल्या म्हणून १७५ हा आकडा कळला. पावसात भिजलेले, गाडीत विसरलेले, गठ्ठ्यात चुकीच्या जागी बांधले गेलेले पेपर धूर सोडत नाहीत.

आणि या एका पेपरावर काय काय लटकलेले असते, याची कल्पना पुण्याच्या मंडळ कार्यालयात बसलेल्यांना नसेल, असे मानायला आम्ही तयार नाही. त्यांना ती पुरेपूर आहे, कारण नियम त्यांनी आणि त्यांच्या भाऊबंदांनीच केले आहेत. शंभरात ३५ गुण हवेत. पाच विषयांत उत्तम गुण मिळवून सहाव्यात नापास झालेले मूल गुणपत्रिकेवर अनुत्तीर्ण असते, आणि अनुत्तीर्ण मुलाला पदवीच्या पहिल्या वर्गाचे दार बंद असते. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटी देऊन अकरावीत बसवतात. पदवीच्या वर्गात विषय राहिला तर तोही मागे ठेवून पुढच्या वर्षात जाता येते. या दोन्हींच्या मधोमध बारावी आहे आणि तिथे मात्र ही दया संपते. शास्त्र शाखेच्या मुलाची कथा आणखी मासलेवाईक. त्याने सीईटीत कितीही पर्सेंटाइल मिळवावे. बारावीला भौतिक, रसायन, गणितात मिळून ४५ टक्के नसतील, राखीव प्रवर्गाला ४० टक्के नसतील, तर अभियांत्रिकीच्या यादीत त्याचे नाव नाही. आयआयटीच्या दारात तर ७५ टक्क्यांचा उंबरठा आहे. म्हणजे प्रवेशाच्या वेळी बारावीचा एकेक गुण सोन्याच्या तागडीत तोलायचा. आणि तोच गुण ज्या कागदावर लिहिलेला असतो तो कागद रद्दीसारखा हिंडवायचा.

मार्चपासून मेपर्यंत आमच्या घराघरांतली मुले झोपत नाहीत ती उगाच नव्हे. हिशेबाच्या पेपरात ताळेबंद जुळला नाही, इंग्रजीचे एक पान सुटले, गणिताची दोन उदाहरणे चुकली, आता पस्तीस होतील की नाही, झाले नाहीत तर यादी हुकेल, यादी हुकली तर वर्ष जाईल, ही चिंता अभ्यासू मुलालाही सोडत नाही. आणि वर्ष जाणे म्हणजे काय हे मुंबईच्या मलबार हिलवर एक आणि वसई पूर्वेला दुसरे असते. तिथे वर्ष गेले तर मूल परदेशी भाषा शिकते. इथे वर्ष गेले तर गोखिवऱ्याला, वालीवला, सातिवलीला गाळ्यांतून कामाला माणसे हवीच असतात; एकदा पोराच्या हातात पगार पडला की घरच्या कर्जाच्या हप्त्याला त्याची सवय होते आणि कॉलेज राहून जाते. मुलगी असेल तर एक रिकामे वर्ष पाहून नातेवाईक स्थळे घेऊन येतात. भाताणे-मेढ्याच्या पाड्यांवरून बारावीपर्यंत पोहोचलेले मूल बहुधा त्या घरातले पहिलेच असते, आणि त्याचे पाऊल अडखळले की मागच्या दोन धाकट्यांचेही अडखळते. त्याच २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी परिसरात ४१ बेकायदा इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने हातोडा चालला. सांडपाणी प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर इमल्यावर इमले चढत असताना डोळे मिटून बसलेले जागेवर राहिले, आणि घामाच्या पैशाने घरे घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. त्या कुटुंबांतही परीक्षेला बसायची मुले होती. पाठीवर घर घेऊन ज्यांनी पेपर लिहिला, त्यांच्या पेपराला मंडळाने निदान छप्पर तरी द्यायचे होते!

आता तारखा पाहू, कारण अन्याय बहुतेक वेळा वेळापत्रकातच लपलेला असतो. २०२५ चा बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के. परीक्षा दिलेल्या १४ लाख १७ हजार ९६९ नियमित विद्यार्थ्यांपैकी सुमारे १ लाख १५ हजार मुले नापास झाली. यातल्या एखाद्याला वाटले की आपल्या उत्तरपत्रिकेला न्याय मिळाला नाही, तर त्याने काय करायचे? गुणपडताळणीसाठी विषयाला ५० रुपये, छायाप्रतीसाठी ४०० रुपये, पुनर्मूल्यांकनासाठी ३०० रुपये. छायाप्रत घेतल्याखेरीज पुनर्मूल्यांकन नाही. आधी अर्ज करायचा, प्रत हाती येण्याची वाट पाहायची, ती शिक्षकांना दाखवायची, त्यांचा अभिप्राय घ्यायचा, पाच दिवसांत पुन्हा अर्ज करायचा आणि पुन्हा वाट पाहायची. इकडे मुंबई विद्यापीठाच्या पदवी प्रवेशाची पहिली गुणवत्ता यादी मेच्या अखेरीस लागली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिसरी लागून मोकळी झाली. म्हणजे तक्रारीचा निवाडा होईपर्यंत जागा भरलेल्या असतात. दाद मागण्याचा हक्क आहे, तो वापरण्याचे शुल्क आहे, पावती आहे. फक्त दाद मिळाल्यावर जायला जागा नाही. तपासणीत गुण वाढले आणि मूल उत्तीर्ण झाले, तरी मंडळाची चूक सिद्ध झाल्याबद्दल मंडळ काय गमावते? मुलाचे वर्ष गमावते.

पुरवणी परीक्षेचे गोडवे आम्हाला ऐकवले जातील. पूर्वीची ऑक्टोबरची परीक्षा अलीकडे ओढून जून-जुलैत आणली, हे सरकारने चांगले केले आणि ते आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. परंतु २०२५ ची पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली आणि तिचा निकाल जुलैच्या अखेरीस लागला. तोवर महाविद्यालयांचे वर्ग भरून वाहत होते. घराजवळच्या चांगल्या महाविद्यालयात त्या मुलाला जागा उरली नव्हती. उरली होती ती कुठल्या तरी विनाअनुदानित तुकडीत, दुप्पट-तिप्पट शुल्काची. एक विषय राहिल्याची शिक्षा एका विषयाएवढी असावी, हे कोणालाही पटेल. इथे ती बापाच्या खिशाएवढी आहे.

मंडळाचा स्वभाव आजचा नाही. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी आपल्याच उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि फेरतपासणीचा हक्क मागितला, मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला, तेव्हा हे मंडळ शरमून गप्प बसले नाही. ते सर्वोच्च न्यायालयात धावले आणि १९८४ मध्ये तिथे जिंकले. परीक्षकांवर विश्वास ठेवा, प्रत्येकाला पेपर दाखवत बसलो तर परीक्षा घेणे अशक्य होईल, असा तो पवित्रा होता. पुढे २०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे असे ठणकावले. पेपर दाखवल्याने परीक्षा कोलमडल्या नाहीत. कोलमडली ती सबब. माहितीच्या अधिकारात एका पानाच्या प्रतीला दोन रुपये पडतात; मंडळाच्या खिडकीवर एका उत्तरपत्रिकेच्या प्रतीला चारशे. जे पूर्वी मुळीच द्यायचे नव्हते ते आता द्यावे लागते, तर निदान त्यावर धंदा तरी करावा, असा हा हिशेब दिसतो. आणि विरारच्या १७५ मुलांनी ही चारशे रुपयांची प्रत मागितली असती तर त्यांना काय दिले असते? राखेची छायाप्रत निघत नाही.

अशा मुलांचे गुण ठरवायचे कसे, याला दोनच वाटा असतात आणि दोन्ही काट्यांच्या. पुन्हा परीक्षा घ्या, तर ज्याने एकदा नीट लिहिले त्याला मंडळाच्या चुकीसाठी दुसऱ्यांदा शिक्षा. इतर विषयांवरून सरासरी काढा, तर ज्याने वर्षभर याच एका विषयासाठी रक्त आटवले त्याचे कष्ट पाण्यात, आणि ज्याने कोरी पाने सोडली त्याला बक्षीस. सरासरी हा गुण नव्हे, तडजोड आहे. ती मुलाने केलेली नाही. ती त्याच्या वतीने, त्याला न विचारता, त्याचा कागद हरवणाऱ्यांनी केलेली असते.

वसई-विरारच्या लोकांना हा खेळ नवा नाही. आमची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली, आणि मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये काय दिवे लावले ते या शहरातल्या शेकडो घरांना आठवते. कुलगुरू संजय देशमुख यांच्या मनात आले आणि लाखो उत्तरपत्रिका एका दमात संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले. ना पूर्वतयारी, ना प्रशिक्षण, ना रंगीत तालीम. विद्यापीठाचा कायदा सांगतो की निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावा. कुलपती विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही गेली, पुढच्याही गेल्या, आणि सप्टेंबर उजाडला तरी निकालांचे शेपूट वळवळतच होते. उत्तरपत्रिका गहाळ झाल्या, हजर मुलांना गैरहजर दाखवले गेले, पदव्युत्तर प्रवेशाच्या आणि परदेशी विद्यापीठांच्या तारखा निघून गेल्या. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले. ठीक झाले. परंतु ज्या मुलाचा प्रवेश हुकला त्याला विद्यापीठाने, सरकारने, संगणकीय तपासणीच्या कंत्राटदाराने काय परत दिले? उच्च शिक्षण खाते तेव्हा विनोद तावडे यांच्याकडे होते, विरारच्या आगीच्या वेळी शालेय शिक्षण खाते दादाजी भुसे यांच्याकडे होते. माणसे बदलतात, खुर्चीवरची गादी बदलते, मुलाच्या वाट्याचा जबाब तोच राहतो.

यामागचे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. परीक्षक पेपर घरी का नेतो? हौस म्हणून नव्हे. दिवसा त्याला वर्ग आहेत, अकरावीच्या परीक्षा आहेत, निवडणुकीची कामे आहेत, सर्वेक्षणे आहेत. कनिष्ठ महाविद्यालयांतली पदे रिकामी. कोणी अंशतः अनुदानावर, कोणी विनाअनुदानित, कोणी तासिका तत्त्वावर ताशी मोजून. नियामकाकडे गठ्ठे पोहोचवण्याच्या तारखा मात्र ठरलेल्या, आणि पेपरामागचे मानधन असे की सांगायला लाज वाटावी. मग तो शिक्षक रात्री जेवणे आटोपल्यावर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली पेपर तपासतो, आणि मंडळाला हे पुरते ठाऊक असते. ठाऊक असते म्हणून तर ते विचारत नाही! प्रत्येक तालुक्याला एक तपासणी केंद्र उघडायचे, तिथे कुलूपबंद कपाटे द्यायची, अग्निशामक यंत्रणा बसवायची, शिक्षकांना पंधरा दिवस अध्यापनातून मोकळे करायचे, त्यांना प्रवासखर्च आणि मानाचे मानधन द्यायचे, याला पैसा लागतो. तो पैसा राज्य वाचवते आणि जोखीम शिक्षकाच्या घरी पाठवून देते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकला तेव्हा मुलांना ओलीस धरता काय, असा गळा काढणारे हेच. आम्हीही त्या मार्गाचे समर्थन केले नसते. परंतु जे सरकार बाराही महिने शिक्षकाला वेठीस धरते त्याने ओलीस या विषयावर प्रवचन देऊ नये. आणि आग लागली की गुन्हा कोणावर? ज्याच्या हाती गठ्ठा दिला त्याच्यावर. देणारे हात स्वच्छ. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही कला या राज्यात आता शास्त्राच्या पदवीला पोहोचली आहे.

आम्हाला कोणी विचारेल, तुम्ही नापासांची वकिली करता काय? मुळीच नाही. ज्याने अभ्यास केला नाही त्याला ३४ मिळोत की चौदा, ते त्याने भोगावे. सरसकट पास करण्याचा प्रयोगही महाराष्ट्राने पाहिला आहे: करोनाच्या २०२१ साली लेखी परीक्षा रद्द झाली, दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के वजन धरून निकाल शिजवला गेला आणि ९९.६३ टक्के मुले पास झाली. त्या मुलांच्या गुणपत्रिकेकडे लोक पुढे कित्येक दिवस तिरक्या नजरेने पाहत होते, हा त्यांच्यावरचा वेगळाच अन्याय. खिरापत आम्हाला नको. जो निकाल लावायचा तो खऱ्या कागदावरून, खऱ्या डोळ्यांनी, वेळेत लावा, इतकी साधी मागणी आहे. मंडळाला गुण वाटता येतात हे आम्हाला ठाऊक आहे. २०२३ च्या इंग्रजीच्या पेपरात प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीच्या सूचना छापल्या गेल्या तेव्हा सहा गुण वाटून ते मोकळे झाले. चूक स्वतःची असली की मंडळ उदार होते. मुलाचे गुण कमी पडले की तेच मंडळ हरिश्चंद्राचा अवतार धारण करते.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तो उपदेश. परीक्षा जवळ आली की मुलांनो ताण घेऊ नका, परीक्षेला उत्सव माना, अपयशाने खचू नका, अशी मधाळ वचने दिल्लीपासून गल्लीपर्यंत पाझरू लागतात. २०१८ पासून पंतप्रधानांची परीक्षेवरची चर्चा आहे, मंडळाचे समुपदेशक आहेत, त्यांचे दूरध्वनी क्रमांक वर्तमानपत्रांतून छापून येतात. समुपदेशक बिचारे मनापासून बोलत असतील. परंतु दूरध्वनीच्या पलीकडे घाबरलेले मूल असते आणि त्याची भीती वेडाची नसते. एक विषय गेला तर प्रवेश जाईल, हे त्याला कोणा भुताने सांगितलेले नाही. शासनाच्या प्रवेश नियमावलीने सांगितले आहे. आपला पेपर कोण कुठे तपासतो आहे, ही शंका त्याच्या मनाचा खेळ नाही. विरारच्या पंचनाम्यात तिला सरकारी शिक्का मिळालेला आहे. ज्यांनी ताण निर्माण केला, ज्यांनी तो टिकवला, ज्यांनी त्यावर चारशे रुपयांची पावती फाडली, त्यांनीच मुलाच्या पाठीवरून हात फिरवत दीर्घ श्वास घ्यायला सांगावे, यासारखा निर्लज्जपणा शोधूनही सापडणार नाही. श्वासाचे व्यायाम मुलांना नकोत. मंडळाच्या अधिकाऱ्यांना लाजेचे व्यायाम हवेत.

वसई-विरारच्या पालकाला आपली तक्रार घेऊन कुठे जावे लागते? मुंबई विभागीय मंडळ वाशीला. म्हणजे विरारहून दादर, दादरहून कुर्ला, कुर्ल्याहून हार्बरने वाशी. एक खाडा, एक दिवसाची मजुरी, आणि खिडकीवर उत्तर असे की अर्ज ऑनलाइन करा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी जन्माला आला. महापालिका २००९ पासून आहे. कर इथले, मते इथली, लोकलच्या दारात लोंबकळणारी मुले इथली. फक्त त्यांच्या निकालाची जबाबदारी घेणारे टेबल इथे नाही. आमचे लोकप्रतिनिधी दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार मात्र वेळेवर करतात. फलकावर मुलाचा फोटो लहान आणि यांचा मोठा असतो, हे सांगायला नको.

आमचा निवाडा स्पष्ट आहे. विरारच्या आगीचा आरोपी परीक्षक नाही, त्याच्या शाळेचा मुख्याध्यापकही नाही. ज्याने उत्तरपत्रिकेला घर दिले नाही ते मंडळ आणि ज्याने मंडळाला पैसे दिले नाहीत ते सरकार, हे दोघे आरोपी आहेत. वसई तालुक्यापासून सुरुवात करून प्रत्येक तालुक्यात कुलूपबंद तपासणी केंद्र उघडा आणि तिथून एकही पान बाहेर पडू देऊ नका. छायाप्रतीला दोन रुपये पानाप्रमाणे घ्या, आणि फेरतपासणीत मूल उत्तीर्ण ठरले तर घेतलेला पैसा व्याजासह त्याच्या हातात ठेवा. फेरतपासणीचे आणि पुरवणीचे निकाल लागेपर्यंत प्रत्येक महाविद्यालयाला त्या मुलांसाठी जागा राखायला लावा. मंडळाच्या चुकीने ज्याचा प्रवेश हुकला त्याला वाढीव जागेवर, मूळ शुल्कातच बसवा. दहावीला आणि पदवीला चालणारी एटीकेटी बारावीला का चालत नाही, याचे एक तरी शैक्षणिक कारण लेखी द्या. देता येत नसेल तर नियम बदला. आणि पुढच्या वेळी एखादी उत्तरपत्रिका कोणाच्या घरात, गाडीत किंवा रद्दीत सापडली, तर पोलिसांनी त्या घराकडे जाण्याआधी मंडळाच्या अध्यक्षांच्या दालनात जावे. पहिली सही तिथे घ्यावी.